केसरचा घास

"पहिला घास तिचा, मग तुजा. आनि तो काढताना तिला हाक मारायची. मुक्यानं ठेवलेला घास मेलेलं मानूस घेत न्हाय."

हे माझ्या सासूबाईंचे शब्द. लग्न होऊन मी रेवदंड्याला आले त्या दुपारी, अंगावरची हळद अजून वाळायची होती, तेव्हा त्यांनी मला चुलीपाशी पाटावर बसवलं आणि काळ्या गोफात ओवलेली चांदीची पुतळी माझ्या गळ्यात बांधली. नखाएवढी बाई. नाक-डोळे नव्हते तिला, नुसता पदर आणि कपाळावर एक टिंब. ती केसर. ह्यांची पहिली बायको.

आमच्याकडं बिजवराला मुलगी दिली की तिच्या गळ्यात पहिलीची पुतळी येते. पहिलीला घरात जागा राहते, ती रुसत नाही, नव्या संसाराला दृष्ट लावत नाही, असं म्हणतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पोयनाडकडची. माझ्या माहेरी माझ्या व्रतांची थट्टा व्हायची; रोजचं विष्णुसहस्रनाम, सोमवार, एकादशी, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आईच्या दुखण्यात माझं लग्नाचं वय निघून गेलं, पण नेम एक चुकला नाही. त्यात आणखी एका नेमाची भर, एवढंच मला वाटलं होतं.

रोज दोन्ही वेळेला पान वाढून झालं की मी भाताचा पहिला घास केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढायची, मागच्या पडवीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "केसर, जेवायला ये गं." मग आत येऊन जेवायला बसायची.

सासूबाई जिभेनं तिखट, पण मनानं ओल्या. मी मासळी खात नाही म्हणून शेजारणीला सांगायच्या, "बामनीन गावली आमाला! कोलंबीचा वास आला तरी हिचा देव नाक धरतो." आणि मग माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर भाकरी टाकायच्या.

ह्यांचं नाव विनेश. बंदराच्या रस्त्याला ह्यांचा बर्फाचा कारखाना आहे. बोटी समुद्रात निघाल्या की लाद्या फोडून त्यांच्या खणांत भरायच्या, हा धंदा. माणूस सज्जन. कधी आवाज चढवला नाही, ताटातलं टाकलं नाही. पण घरात आले की पाहुण्यासारखे बसायचे. माझ्याकडं बघताना नजर चेहऱ्यावरून खाली यायची, गळ्यापाशी थांबायची आणि बाजूला जायची. जवळ आले तरी तसंच. हात गळ्याकडं आला की पुतळीला लागायचा आणि हे तो मागं घ्यायचे, चटका बसल्यासारखा.  

केसरबद्दल मला सगळं सासूबाईंकडून कळलं. हसरी होती, घाबरट होती. ह्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायची आणि येताना गालात बर्फाचा खडा धरून यायची. घरभर कुडुम-कुडुम चावत फिरायची. हे ओरडायचे, "बर्फ खाऊ नको, दात दुखतील!" ती म्हणायची, "हा काय बर्फ हाय? गोनपाटात गुंडालल्याला दगड. खरा बर्फ दाखवा मला, बद्रीनाथाचा. देव पन बघू आनि बर्फ पन." हे कबूल झाले होते. पुढच्या मोसमाला जाऊ, बोटींचं जरा बसू दे, असं करता करता भाद्रपदात तिला ताप आला आणि त्या तापातच ती गेली.

तर आमची सहल ही अशी, तिच्या वाटणीची होती. हे मला लग्नानंतर कळलं. अलिबागच्या एका टूरवाल्यानं 'नवदाम्पत्य देवदर्शन' नावाची सहल काढली होती. सकाळी देऊळ, संध्याकाळी पलंगावर टॉवेलाचे हंस. सासूबाई ऐकून पोट धरधरून हसल्या. "देव आनि मधुचंद्र एका तिकिटात! आमच्या येळंला मधुचंद्र म्हंजे चौलच्या रामेश्वराला जाऊन यायचं, त्यात बी सासू बरोबर."

निघायच्या आधी, नवरात्र उठल्यावर, केसरची आई आली. कमळमावशी. किहीमला एका नारळाच्या वाडीत राहते, एकटीच. नारळांची पिशवी सासूबाईंपुढं ठेवली आणि मला म्हणाली, "पोरी, जरा मागं ये."

मागच्या कट्ट्यापाशी तिनं माझ्या गळ्यातली पुतळी बोटांनी उचलली. तिची बोटं काथ्यानं चिरलेली होती. पुतळीवरून तिनं अंगठा फिरवला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा.

"तिकडं नेताय ना हिला? न्या. बर्फ दाखवा. लय हौस होती." मग तिचा आवाज बारीक झाला. "पन तितं सोडून येऊ नका. लोकं सोडतात, मला ठावं हाय. माजी पोर कंदी एकटी झोपली न्हाय गं. लगीन होईस्तो माज्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. तुमाला नकोशी झाली तर मला आनून द्या. माज्याकडं जागा हाय."

"नाही सोडणार, मावशी," मी म्हणाले.

"हातावर हात ठेव."

मी ठेवला.

हरिद्वारपर्यंत गाडी, तिथून पुढं टूरवाल्याची मोटार. डोंगर बघून मला सारखं रडू येत होतं. खाली हिरवी नदी, वर बघताच देवाचं नाव तोंडात यावं असे कडे. हे माझ्याशी बोलायला लागले होते. खिडकीतून दाखवायचे, तो बघ झुला, ते बघ मेंढरं. रेवदंड्याच्या घरातले हे आणि मोटारीतले हे वेगळे होते. मला वाटलं, देवानं दिलं.

पीपलकोटीला मुक्काम होता. दिवेलागणीला मी खोलीत सहस्रनाम म्हणत बसले होते. हे खाली चहा सांगायला गेले होते. मध्येच मला आवाज आला. कुडुम. मग थांबून पुन्हा, कुडुम-कुडुम. कुणीतरी दाढेखाली काहीतरी कडक फोडत होतं. मी डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावरच्या टॉवेलाच्या हंसांपैकी एकाची मान मोडून पडली होती. आणि वास येत होता, ओल्या गोणपाटाचा आणि भुशाचा, कारखान्यात येतो तसा. समुद्रापासून एवढ्या लांब.

मी पाठ सोडला नाही. पुढची नावं म्हणत राहिले. आवाजही चालू राहिला, माझ्या नावांच्या मधल्या फटीत.

खाली जेवायला गेलो तर टेबलावर तीन ताटं होती. हे त्या माणसाला म्हणाले, "भैया, हम दो हैं."

त्यानं आमच्या मागं जिन्याकडं बघितलं. "वो दीदी नहीं खाएँगी?"

"कौन दीदी?"

"अच्छा, वो आपके साथ नहीं हैं," असं म्हणून त्यानं तिसरं ताट उचललं. लॉजमध्ये दुसरीही माणसं होती. कुणी बाई जिन्यावर उभी असेल. पण ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी घास काढायला हात पुढं केला तर हे म्हणाले, "थांब. मला तुला सांगायचंय काहीतरी."

आणि त्यांनी सांगितलं. बद्रीनाथला नदीकाठी ब्रह्मकपाळ म्हणून शिळा आहे. तिथं पिंड ठेवला की त्या जिवाचं घरातलं सगळं संपतं. पुन्हा श्राद्ध नाही, पक्ष नाही, घास नाही. जीव नारायणाकडं जातो. हे अविधवा नवमीला केसरचं पान वाढताना ठरवूनच बसले होते.

"मी तिला बर्फ दाखवणार म्हटलं होतं. दाखवतो. आणि तिथंच हात जोडतो," हे म्हणाले. "पुतळी नदीला द्यायची. नूतन, मला आता घरी जायचंय. कळतंय का तुला? आपल्या घरी."

मला कळत होतं. पुतळीशिवायचा माझा गळा कसा दिसेल हे मी मनात बघितलंसुद्धा. आणि त्याच क्षणी हातावर काथ्यानं चिरलेली बोटं आठवली.

"अहो, कमळमावशीला मी शब्द दिलाय. इथं सोडायचं नाही म्हणून."

"आई आहे ती. आयांना सोडवत नाही." पुन्हा म्हणाले, "माझ्या गळ्यात काही बांधलेलं नाही, तरी मला श्वास घेता येत नाही. मी काय करू, ते तू सांग."

 देवाच्या दारात, शास्त्रात सांगितलेलं, नवऱ्यानं धरलेलं. ह्या तिन्हींच्या पुढं एका नारळाच्या वाडीतल्या बाईला दिलेला शब्द केवढासा दिसत होता.

ब्रह्मकपाळावर वारा अंगातून आरपार जात होता. अलकनंदा खाली दगडांवर आपटत होती. तिच्या आवाजात गुरुजींचे मंत्र तुटक ऐकू यायचे. ह्यांनी शिजलेल्या भाताचे पिंड ठेवले, केसरचं नाव घेतलं, तिच्या गोत्राचं घेतलं. ओठ थंडीनं निळे पडले होते. मी गोफाची गाठ सोडायला गेले तर ती सुटेना. रोज अंघोळीला भिजून आवळलेली. गुरुजी म्हणाले, "बेटी, दाँत से खोलो." मी मान वाकवून दातांनी सोडली. जिभेला चांदीची चव लागली.

पुतळी पाण्यात गेली तेव्हा आवाजही झाला नाही. गुरुजी ह्यांना म्हणाले, "अब इनका खाना-पीना नारायण के जिम्मे. घर में नाम लेकर निवाला मत निकालना. बुलाओगे तो आना पड़ेगा, और बैठने की जगह अब रही नहीं."

हे ऐकताना मी हो म्हणून मान हलवली होती. हे मला पक्कं आठवतं.

देवळात दर्शन झालं. बद्रीनारायणापुढं मी काय मागितलं ते लिहीत नाही. बाहेर आल्यावर हे अगदी हलके झाले होते. मला लोकरीची टोपी घेऊन दिली, ती माझ्या डोक्यावर घालून लांब जाऊन बघितली आणि म्हणाले, "माकडासारखी दिसतेस!" मी लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. माझ्या गळ्यावर वारा लागत होता. तिथली कातडी कोवळी झाली होती.

मग एका टपरीपुढच्या बाकावर जेवायला बसलो. गरम भात, राजमा. हे कुठल्या तरी बोटमालकाची गंमत सांगत होते. मी ऐकत होते, हसत होते, आणि माझा हात भातात गेला, त्यानं पहिला घास उचलला, बाकाच्या कडेवर ठेवला. माझ्या तोंडानं, रोजच्या त्याच हलक्या आवाजात म्हटलं, "केसर, जेवायला ये गं."

पुढचा घास हातातच राहिला.

ह्यांना ऐकू गेलं नव्हतं. वारा होता. मी तो घास उचलून घ्यायला हात पुढं केला, तेवढ्यात पिवळ्या चोचीचा एक काळा पक्षी, तिकडचा कावळाच तो, झाडावरून नाही, छतावरून नाही, कुठून आला कोण जाणे, सरळ येऊन बसला आणि घास घेऊन गेला. आमच्या रेवदंड्याला कावळे तिष्ठत ठेवायचे. ह्यानं एक क्षण लावला नाही.

दुपारनंतर वरच्या वाटेला पहिलं हिम पडलेलं बघायला गेलो. ह्यांनी ओंजळीत बर्फ घेतला, माझ्या हातात दिला आणि हळूच, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "हा खरा."

माझ्या पाठीमागं, अगदी कानाशी, कुडुम.

मी वळले नाही.

आम्ही परत आलो तेव्हा रेवदंड्याला बोटी जोरात होत्या, किनाऱ्यावर बोंबील सुकत होते, कारखाना रात्रंदिवस चालू होता. सासूबाईंनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि माझ्या गळ्याकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं.

"आई, ब्रह्मकपाळ केलं," हे म्हणाले. "आता घास काढायचा नाही. नाव घेऊन तर नाहीच."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. पण मला आत बोलावून विचारलं, "कमळला सांगितलंस?"

मी नाही म्हणाले.

त्या रात्रीपासून नाही, त्या दुपारपासूनच सुरू झालं. चुलीवरून उतरवलेला भात मी ताटात वाढला. वाफ येत होती. कालवून पहिला घास तोंडात घातला आणि दाढा शिवशिवल्या. घास गार होता. निवलेला असतो तसा नव्हे, बर्फात ठेवलेला असतो तसा. दुसरा घास गरम. ताट तेच, भात तोच. संध्याकाळी तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. मी पहिला घास गिळायची आणि तो छातीपर्यंत थंडी सोडत जायचा.

एरवी घर कसं सुखाचं झालं होतं! हे कारखान्यातून लवकर यायचे. माझ्या हातची भाकरी मागून घ्यायचे. एकदा माझ्या वेणीत अबोलीचा गजरा त्यांनी स्वतः माळला, आणि त्यांचा हात गळ्यावरून गेला, थांबला नाही, मागं गेला नाही. मी डोळे मिटून घेतले. आणि मिटल्या डोळ्यांआड मला ऐकू येत होतं, मागच्या कट्ट्यावर कुणीतरी बसलंय आणि खड्यामागून खडा फोडतंय. कुणी आत बोलावत नाही म्हणून दारातच बसल्यासारखं.

मी नामस्मरण वाढवलं. तुळशीपुढं दिवा दोनदा लावायला लागले. व्रतानं जे होतं ते मनाचं होतं; भुकेल्याचं काही होत नाही, हे मला तेव्हा समजलं. मी तिला बोलावलं होतं. ती आली होती. पण तिचं ताट उचललं होतं आणि बसायची जागा नदीत गेली होती. पुतळी नाही, घास नाही, नाव नाही. बिचारी माझ्या पहिल्या घासात येऊन बसायची, तेवढीच तिची वाटणी आता राहिली होती.

एका सकाळी हे पुढच्या ओटीवर पेपर वाचत बसले होते. मी माजघरात तांदूळ निवडत होते. मागून आवाज सुरू झाला. मला सवय झाली होती, मी मान वर केली नाही.

ओटीवरून ह्यांचा आवाज आला. सहज, मायेनं, पेपरातून डोळे न काढता.

"बर्फ खाऊ नको, दात दुखतील."

मग पेपरची घडी मोडल्याचा आवाज. हे दारात येऊन उभे राहिले. माझ्या मांडीवर सूप होतं, दोन्ही हात तांदळात.

"मी नाही खात," मी म्हणाले.

आम्ही दोघंही तो आवाज ऐकत होतो. मग हे उंबऱ्यावरच खाली बसले.

"तुला केव्हापासून ऐकू येतंय?"

"पीपलकोटीपासून."

"मग ब्रह्मकपाळाचं काय झालं? मी सगळं केलं ना? विधीत काही राहिलं का?"

"तुमचं काही राहिलं नाही. ती गेली होती. मी परत बोलावली." आणि मी सांगितलं, टपरी, बाक, घास, हाक. "हातानं केलं हो. मी नाही केलं. पाच महिने रोज दोन वेळेला हाक मारत होते, हाताला काय माहीत नदी कुठली आणि घर कुठलं."

ह्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला बरं वाटत होतं गं," एवढंच म्हणाले. "इतकं बरं वाटत होतं." मग डोकं न उचलता, "भुकेली आहे का ती?"

"हो."

"परत तिकडं न्यायचं म्हणशील तर माझ्यात जीव नाही."

"तिकडं नाही. तिच्या आईनं मागितलीय तिला."

मी कट्ट्यावरचं सगळं पुन्हा सांगितलं. नारळांची पिशवी, पुतळीवरून फिरलेला अंगठा, हातावर ठेवलेला हात. पीपलकोटीला मी हे सांगितलं होतं, पण तेव्हा हे स्वतःच्या श्वासाशी झगडत होते. आता त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला. "पदराचं टोक मुठीत धरायची," ते म्हणाले. "माझ्या शर्टाचं धरायची."

त्याच दुपारी कमळमावशीचा फोन आला. सासूबाईंनी घेतला. पलीकडून एवढंच आलं, मोठ्यानं, फोनवर ओरडून बोलायची तिची सवय, त्यामुळं मलाही ऐकू गेलं, "केसर आली का गं?"

सासूबाईंनी फोनवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. त्यांनाही ऐकू येत होतं की काय, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

"तिला म्हणावं," मी म्हणाले, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी मी नाहून सहस्रनाम म्हटलं, तुळशीला पाणी घातलं, भात टाकला. वाढून झाल्यावर इतक्या दिवसांनी पहिला घास पानावर काढला. पण कट्ट्यावर ठेवला नाही. स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवून झाकण लावलं. डबा लगेच बाहेरून पाझरला, गार पाण्याचा तांब्या पाझरतो तसा.

सासूबाईंनी मला देवापुढं बसायला सांगितलं. शेजारी आणखी एक पाट मांडला. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, तरी वाकल्या. माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, सुपारी, खण. मग रिकाम्या पाटाकडं वळल्या. एक हिरवा खण उलगडून त्यावर तांदूळ घातले, नारळ ठेवला, हळदकुंकवाचं बोट पुढं केलं आणि हवेत, बसलेल्या बाईच्या कपाळाच्या उंचीवर, थांबवलं.

"सून म्हायेरी चालली तर मोकली कशी धाडू?" त्या म्हणाल्या. "भांडली न्हाय कंदी माज्याशी. तू बी न्हाय भांडत. माजं नशीबच असलं, भांडायला सून गावली न्हाय." नाक पुसलं आणि त्या खणाची गाठ मारून माझ्या पिशवीत ठेवली.

"मागं वलून बघू नको, आनि वाटंत मुकी राहू नको," त्या म्हणाल्या. "बोलत ऱ्हा तिच्याशी. घाबरते ती."

मी डबा पोटाशी धरला, मागच्या पडवीत गेले. कट्ट्यावर कोवळं ऊन होतं आणि एका जागी, माणूस बसेल एवढ्या जागी, दगड ओला होता.

"केसर," मी म्हणाले, "चल गं. आईकडं जायचंय."

कुडुम-कुडुम थांबलं.

मी घरातून पुढं चालत आले. मागं बघितलं नाही. ओटीवरून उतरताना पदराला ओढ लागली, टोक कुणी धरावं तशी. मी पदर सोडवून घेतला नाही.

ह्यांनी अलिबागपर्यंतची रिक्षा आणून दारात उभी केली होती. कारखान्याला जायचं सोडून बाजूला उभे होते, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे. तिथून पुढं किहीमला दुसरी रिक्षा बघ, ऊन लागेल, असं काहीतरी मला म्हणाले. मग रिक्षावाल्याकडं वाकले.

"सांभाळून ने रे. खड्ड्यात आदळू नको. दोघी आहेत."

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं, माझ्याकडं, माझ्या बाजूच्या सीटकडं. मग ह्यांचा चेहरा बघून त्यानं रिक्षा चालू केली.

मी कडेला सरकून बसले. बाजूला जागा ठेवली. रिक्षा निघाली तशी त्या बाजूच्या माझ्या दंडाला गारवा लागायला लागला. बंदराचा रस्ता मागं पडला. "ते बघ," मी हलक्या आवाजात म्हणाले, "नारळाच्या वाड्या लागल्या."